दुआंच्या पुस्तकावर मुकादमांचं गलबत

दुबईहून परत आले तेव्हा शेजारच्या बायकांनी तीनच गोष्टी विचारल्या. सोनं किती आणलं, गरमी किती होती आणि उंटाचं मटण खाल्लं का. तिन्हींना "हो, हो" म्हणून मी सुटले. चौघी जणी एकदम माझ्याकडे बघायला लागल्या की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहायला बसलं की समोर कोणी नसतं, मग जमतं. ज्या गेल्या नाहीत त्यांना यातून थोडंफार कळेल. ज्या जाऊन आल्या त्या म्हणतील, हिनं तो उंच मनोरा पाहिलाच नाही. नाही पाहिला. लांबून दिसला, तेवढा पुरे झाला.

अल कुसैस

माझी मुलगी रुबिना अल कुसैसला राहते. दुबई संपते आणि शारजा सुरू होते तिथली ही वस्ती. बिल्डिंगखाली एका बाजूला केरळच्या माणसाचं चहाचं दुकान, दुसऱ्या बाजूला हैदराबादी बिर्याणी आणि समोर पठाणाची तंदूरची भट्टी. अरब बघायचे म्हणून मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसले, तर पहिल्या दिवशी एकही दिसला नाही. रत्नागिरीचे मात्र चार जण भेटले. त्यातला एक माझ्या मामेबहिणीच्या दिराचा मेहुणा निघाला आणि रात्री जेवायला येऊन बसला.

रुबिनानं माझ्यासाठी बांगडे आणले होते. सहा दिरहमचा नारळ फोडताना ती म्हणाली, "म्हणजे दीडशे रुपयांचा झाला, अम्मी." त्यानंतर ते कालवण माझ्या घशाखाली नीट उतरेना. बांगड्यांना वास नव्हता. बर्फात राहून राहून त्यांचा स्वभावच गेला होता.

आमच्या घरात सासू जावयाशी थेट बोलत नाही. जावई अस्लम माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला असतो. मी म्हणते, "रुबिना, त्यांना विचार, भात वाढू का." तो सगळं ऐकतो आणि म्हणतो, "रुबिना, अम्मींना सांग, थोडाच." रुबिना मधे बसून मोबाइल बघत असते, कोणालाच काही सांगत नाही, तरी भात वाढून होतो. माझी नात झोया तिथे कॉलेजात डिझाइन शिकते. ती म्हणाली, "नानी, व्हाय डोन्ट यू जस्ट टॉक टू हिम?" मला अर्थ कळला. मी तिलाच अजून थोडा भात वाढला.

अस्लमनं बरीच वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात काढली. हॉटेलच्या मेनूकार्डांची कव्हरं, ऑफिसच्या डायऱ्या, सर्टिफिकेट ठेवायच्या फायली, असली कामं. मग नोकरी सोडून शारजाजवळ हमरियाला स्वतःचा गाळा घेतला. दोन यंत्रं आणि चार माणसं. डायऱ्यांचं काम थंडीत येतं आणि जातं, बाकी वर्षभर यंत्रं नुसती पुसायची. अशात मुकादमसेठांची ऑर्डर आली. सेठ मूळ रायगडकडचे, जहाजांचे सुटे भाग विकतात. त्यांच्या मुलाचा वलीमा होता, निकाहनंतरची दावत. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दुआंचं छोटं पुस्तक द्यायचं, चामडी कव्हरचं, वर घराण्याची सोनेरी निशाणी.

"सेठना खूश केलं तर सगळे कोकणी आपल्याकडे येतील," अस्लम रुबिनाला म्हणाला, म्हणजे मला म्हणाला. "आणि नाराज झाले तर?" असं मी रुबिनाला विचारलं. त्यावर दोघांनी झोयाकडे पाहिलं. झोयाच्या कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती.

अबूधाबी

सेठना निशाणीचं वेड एका म्युझियममध्ये लागलं होतं. तिथल्या एका जुन्या पुस्तकाचा फोटो पाठवून त्यांनी खाली लिहिलं होतं, ऐसाच पाहिजे. मोबाइलवरून माप कळेना म्हणून अस्लम निघाला, आणि गाडीत जागा होती म्हणून आम्ही तिघी.

म्युझियम मोठं आणि आत थंडगार. जिथे ती पुस्तकं होती ती खोली जवळजवळ अंधारी. झोयानं दारातच सांगितलं, "नानी, ऑल प्रेअर बुक्स." हे ऐकलं आणि मी चपला दाराशी काढून ठेवल्या. आत अल्लाच्या नावाची पुस्तकं, मग ती कोणाची का असेनात. थोड्या वेळानं एक नेपाळी गार्ड माझ्या चपला दोन बोटांत धरून धावत आला. "आंटी, ये किसका? आपका?" सगळे गोरे पर्यटक वळून बघायला लागले. मी मान हलवली आणि घातल्या.

तिथे काळ्या बुरख्यातली एक अरब मुलगी माहिती सांगायला होती. शेवटी एक अरब दिसली. तिला हिंदी येत होतं, अगदी सिनेमातलं. "आंटीजी, इधर आइए, यहाँ से अच्छा दिखेगा," असं म्हणून तिनं मला काचेपाशी नेलं.

आतलं पुस्तक माझ्या पंज्याएवढं होतं. युरोपातल्या ख्रिस्ती सरदारांच्या घरातलं, शेकडो वर्षांपूर्वीचं. पानं वासराच्या कातडीची, सगळं हातानं लिहिलेलं, कडेनं निळी-सोनेरी वेलबुट्टी. त्यात दिवसाच्या आठ वेळांच्या प्रार्थना होत्या. आठ! आपल्या पाच, त्यातही आमच्या गल्लीत पहाटेच्या फजरला किती जणी उठतात ते मला माहीत आहे. मला त्या सरदारणींची दया आली.

कव्हर मात्र वेगळंच. बकऱ्याचं लाल चामडं आणि बरोबर मधे सोन्यानं ठसा. एक ढाल, तिच्यात तीन पक्षी, वर मुकुट, दोन्ही बाजूंना शेपटी वर केलेले दोन सिंह ढाल धरून उभे, घरातले नोकर पलंग उचलतात तसे.

"ये उनके ख़ानदान का निशान है," ती मुलगी म्हणाली. "लिखी किसी और ने, पहले किसी और की थी. इसने बाद में ख़रीदी और अपना निशान लगा दिया."

म्हणजे पुस्तक दुसऱ्याचं, दुआ देवाच्या आणि वर नाव याचं. मला एकदम आमच्या बाजारातला भांड्यावर नावं घालणारा आठवला. लग्नात कोणी स्टीलचा टोप दिला की त्यावर टकटक करून अमक्याकडून तमकीला असं कोरून घेतात, म्हणजे ती तमकी मरेपर्यंत आमटी ढवळताना अमक्याचं नाव वाचते. इथे तर टोप अल्लाच्याच घरचा आणि तोही कोरून घेतलेला. मी रुबिनाच्या कानात हे सांगितलं. ती इतक्या मोठ्यानं हसली की गार्ड परत आला. या वेळी माझ्या पायांकडे बघत.

पुढच्या काचेत दुसरं पुस्तक होतं. त्याच्या ढालीवर रानडुकराचं मुंडकं. सुळे, जीभ, सगळं सोन्याचं. मी तौबा तौबा म्हटलं. आमच्या भातशेतीची रात्रीत वाट लावणारा हा प्राणी, त्याला एका माणसानं आपलं घराणं म्हणून देवाच्या पुस्तकावर बसवलं होतं.

"नानी, इट मीन्स करेज," झोया म्हणाली.

"हिंमत असते खरी," मी म्हटलं. "हाकललं तरी जात नाही."

अस्लम काचेला नाक लावून बोटांनी माप घेत होता. दोन तास तो त्या एका ठशापुढून हलला नाही. मी रुबिनाला म्हटलं, त्यांना सांग, काहीतरी खाऊन घ्या. काचेकडे तोंड करूनच तो म्हणाला, "रुबिना, अम्मींना सांग, हे झालं की आपण दुबईत राहिलो."

परतताना गाडीत सेठांचा फोन. त्यांना सिंह हवा होता. पण त्यांच्या मौलवींनी सांगितलं होतं की दुआंच्या पुस्तकावर जिवंत प्राण्याचं चित्र चालणार नाही.

"मग तलवार टाका," सेठ स्पीकरवर म्हणाले. "आमचे पणजोबा मोठे बहादुर माणूस."

फोन ठेवल्यावर रुबिना म्हणाली, "यांचे पणजोबा गलबतावर खलाशी होते. सगळ्या रायगडाला माहीत आहे. तलवार कसली, घरात कोयती होती नारळ सोलायची."

"मग कोयती टाकू," अस्लम म्हणाला.

"आणि दोन्ही बाजूंना दोन सुके बोंबील उभे करा, ढाल धरून," रुबिना म्हणाली.

अस्लम इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. शेवटी झोयानं काढलं एक गलबत, शीड फुगलेलं, खाली लाटा आणि दोन्हीकडे नारळाची झाडं. खलाशी म्हटलं तरी खरं आणि कप्तान म्हटलं तरी खपेल. सेठना ते भयंकर आवडलं. "बिलकुल हमारा ख़ानदान!" असं ते म्हणाले, जणू ते गलबत त्यांच्या माळ्यावर पडलेलं होतं.

हमरिया

हमरिया म्हणजे बंदर, लांबच लांब पत्र्याची गोदामं आणि तोंडात जाणारी वाळू. झाड म्हणून एक नाही. गाळ्यात मात्र चामड्याचा आणि गरम गोंदाचा छान वास येत होता. पितळेचा ठसा यंत्रात तापवायचा, चामड्यावर सोनेरी पट्टी ठेवायची आणि दाबायचं. ते सगळं काम अस्लमनं स्वतः केलं, कामगारांना हात लावू दिला नाही. आतल्या छापील पुस्तकांचे गठ्ठे शारजातून आले होते. ती कव्हरात चिकटवून झाली होती. आम्ही तिघी गेलो ते पुस्तकं डब्यात घालून रिबीन बांधायला. उद्या सेठना नमुना दाखवायचा आणि परवा वलीमा.

पुस्तकं सुंदरच झाली होती. गर्द हिरवं कव्हर आणि त्यावर चमचमणारं गलबत. मी एक उचललं, डोळ्यांना लावलं, ओठांना लावलं आणि बिस्मिल्ला म्हणून उघडलं.

आत शेवटचं पान. छापखान्याचा पत्ता.

मला वाटलं एखादं चुकून उलट चिकटलं असेल. दुसरं घेतलं. छापखान्याचा पत्ता. तिसरं. तेच. मग कळलं. इंग्रजी डायरी आपण डावीकडून उघडतो, आणि अरबी-उर्दू पुस्तक उजवीकडून. डायरीचं जे तोंड, ती आपल्या पुस्तकाची पाठ. अस्लमच्या हातांनी आयुष्यभर डायऱ्याच केल्या होत्या, हात आपले सवयीनं चालले. म्युझियममधली पुस्तकंही डायरीसारखीच उघडणारी. गलबत सगळं मागच्या बाजूला लागलं होतं आणि पुढे कोरं हिरवं चामडं.

"रुबिना," मी हळूच म्हटलं, "त्यांना विचार, हे असंच करायचं होतं का."

अस्लमनं पुस्तक हातात घेतलं. उघडलं. मिटलं. परत उघडलं. मग एका खोक्यावर खाली बसला.

कामगार म्हणाला, "भाई, कव्हर काढून फिरवून लावू." त्यानं कव्हर फिरवून दाखवलं. गलबत पुढे आलं खरं, पण उलटं. शीड खाली, लाटा वर.

"डुबा दिया," अस्लम म्हणाला. "मुकादमांचं जहाज बुडवलं मी."

नवं चामडं आणायला वेळ नव्हता, आणि आणलं असतं तरी एका रात्रीत एवढं काम झालं नसतं. पुढच्या बाजूला अजून एक ठसा मारावा तर सगळी कव्हरं काढून परत चिकटवायला रात्र पुरणार नाही, आणि तसंच यंत्राखाली दाबलं की पानं करपणार. एक करपवून पाहिलं. पापडासारखा वास आला. रुबिना म्हणाली, "खलास. खरं काय ते सेठना सांगून टाका." रिबिनी आम्ही तरीही बांधल्या, कारण हातांना दुसरं काही काम नव्हतं.

अल रीम आयलंड

सेठ अबूधाबीला अल रीम आयलंडवर राहतात. बेट म्हणतात, पण आमच्या खाडीतल्या बेटासारखं नाही, नुसत्या काचेच्या उंच इमारती. लिफ्टमध्ये माझे कान बंद झाले. घरात सगळीकडे खिडक्या, खाली समुद्र, पण समुद्राचा आवाज नाही. सेठांच्या बायकोनं कहवा आणि सांदणं आणली. सांदणं आमच्यापेक्षा गोड होती, पण एक तरी ओळखीची गोष्ट समोर आली म्हणून मी दोन खाल्ली.

अस्लमनं डबा टेबलावर ठेवला. तो खरं सांगणार होता. गाडीत त्यानं चार वेळा बोलून पाहिलं होतं. पण सेठनी झटकन रिबीन सोडली आणि गलबत बघून खूश झाले. "मा शा अल्ला! आगं बघ, ये देखो!" बायकोला दाखवलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मग उघडलं.

"हे काय? अस्लम, हा तर किताबचा शेवट आहे. आमची निशाणी पाठीमागे?"

अस्लम सुटलेली रिबीन बोटाला गुंडाळत बसला. रुबिनानं माझा हात धरला. सेठांची बायको माझ्याकडे बघत होती, सेठ बघत होते, झोया बघत होती. एरवी एवढ्या नजरा पडल्या असत्या तर मी सोफ्याखाली गेले असते. काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं,

"मागेच असते."

"काय मागे असते?"

"निशाणी. मोठ्या घराण्यांत मागेच असते. अल्लाच्या कलामापुढे आपलं नाव कोण लावतं? नोकर मालकाच्या पुढे चालतो का?"

सेठनी पुस्तक फिरवलं. "पण पुढे तर काहीच नाही! सगळं कोरं."

"ती बाजू त्याची. त्याला पाटी लागते का?"

अस्लम माझ्याकडे असा बघत होता, जणू भिंत बोलायला लागली. सेठ सहजी सोडणारे नव्हते. "लेकिन म्युझियममध्ये तर पुढे आहे. मी स्वतः बघितलं."

"ते फिरंगी," मी म्हटलं. "एकानं तर डुक्कर लावलं आहे. त्यांचं काय घेऊन बसलात?"

झोया पटकन म्हणाली, "येस अंकल. इट्स लाइक, ह्युमिलिटी. व्हेरी क्लासी, ॲक्च्युअली."

सेठ बराच वेळ पुस्तक उलटसुलट करत राहिले. मग कोऱ्या बाजूचं चुंबन घेतलं, मागचं गलबत अंगठ्यानं पुसलं आणि बायकोला म्हणाले, "ऐकलंस? क्लासी." लिफ्टमधून उतरताना मी मनात म्हटलं, अल्ला, मी तुझ्या नावानं थाप मारली. पण निम्मी तर खरीच होती, कारण ते पुस्तक पुढून कोरं बघून मला मनापासून बरं वाटलं होतं.

वलीम्याचा हॉल

हॉलच्या दाराशी टेबल मांडून रुबिना आणि झोया पुस्तकं वाटत होत्या. मी त्यांच्या मागे खुर्ची घेऊन लपले होते. अस्लम बाजूला उभा, नव्या शर्टात घामाघूम. एखादा जाणकार उठून हसला की संपलं.

सेठ स्वतः प्रत्येक पाहुण्याला थांबवून सांगत होते. पाहुणे यायला लागले तेव्हा ते म्हणत होते, "निशाणी मागे ठेवायची पद्धत आहे." हॉल अर्धा भरला तोवर ते झालं, "आमच्याकडे पणजोबांपासून मागेच असते." बिर्याणी वाढायला लागले तोपर्यंत पणजोबा कप्तान झाले होते, गलबत तुफानात सापडलं होतं, आणि त्यांनी नवस केला होता की वाचलो तर आपलं नाव कधी अल्लाच्या नावापुढे लावणार नाही. ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही येणार होतं.

एवढ्यात सुर्वेसेठ आले, मसाल्याचे व्यापारी. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ धरलं आणि मुकादमसेठना म्हणाले, "कादिर, आपण एका गल्लीत वाढलो. ही पद्धत मी कधी ऐकली नाही."

सेठांचा चेहरा पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलामागची मी त्यांना सापडले. "विचार या बाईंना! रत्नागिरीच्या आहेत, जुनं घराणं. हो की नाही, आपा?"

सगळे वळले. अस्लमनं डोळे मिटले होते. मी पदर सावरला आणि मान हलवली. एकदा. मग सुर्वेसेठ अजून बघत होते म्हणून परत एकदा, जोरात.

"असेल," सुर्वेसेठ म्हणाले आणि पुस्तक खिशात घातलं.

त्यांच्या बेगम मात्र टेबलापाशीच रेंगाळल्या. पुस्तक उघडून, मिटून, मागून, पुढून पाहिलं. मग अस्लमला जवळ बोलावलं.

"आमच्या धाकटीची शादी आहे, इन्शाल्ला, ईदनंतर. आम्हालाही अशीच करून द्या. पण आमचं घराणं यांच्याहून जुनं. आमची निशाणी मागच्या कव्हरच्या आत टाका. उघडल्याशिवाय दिसायला नको. आणि मुकादमांपेक्षा लहान."

"किती लहान, भाभी?" अस्लमनं खिशातून टेप काढली.

त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून वाटाण्याएवढं माप दाखवलं. थोडा विचार केला. मग बोटं जराशी लांब केली, अजून जराशी, आणि लिंबाएवढी झाल्यावर थांबल्या.

"एवढी," त्या म्हणाल्या. "दिसली तर पाहिजे ना."